मुधोळ की राजापाळयम? सत्तरीतल्या कुळागरासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या आतल्या बाजूला, रानाला लागून पोफळी-नारळाचं कुळागर, म्हणजे बागायत. घरात तुम्ही, पत्नी, वयस्कर आई आणि सहा वर्षांची मुलगी. गोठ्यात दोन गायी, शिवाय पंधराएक कोंबड्या. तुम्ही सकाळी पणजीला जाता आणि रात्री साडेसातला परतता. माकडं शहाळी फोडतात, रानडुकरं रात्रीची उकरून जातात, आणि मध्यंतरी कोणीतरी पंपाची केबल कापून नेली. म्हणून देशी जातीचं, कामाचं कुत्रं हवंय. मुधोळ घ्यावं की राजापाळयम हे ठरत नाही, पण ‘राखणीला राजापाळयम बरं’ असं ऐकल्यामुळे मन तिकडे झुकलंय.

जातींकडे वळण्याआधी कामांची वाटणी करू. तुम्ही एका कुत्र्याला तीन कामं सांगताय: माकडं हाकलायची, डुकरं अडवायची आणि चोराची चाहूल द्यायची. यातलं तिसरं काम कुठलंही बरं कुत्रं करतं. पहिलं अर्धमुर्धं होतं. दुसरं एकट्या कुत्र्याच्या गळ्यात घालूच नये.

राजापाळयम पूर्वी डुकराच्या शिकारीला वापरलं जाई, हे खरं. पण तेव्हा चार-सहा कुत्री एकत्र सोडत आणि मागे भालेवाली माणसं असत. एकट्या कुत्र्याला मोठा नर डुक्कर सुळ्याने पोटापासून बरगडीपर्यंत उसवतो, आणि हे दोन-तीन सेकंदांत होतं. शिवाय तुमच्या बाजूला म्हादई अभयारण्य आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत जनावर हुसकावणं, मागे लागून पकडणं हेही येतं. तेव्हा ‘कुत्रं सोडलं की डुकरं पळतात’ हा उपाय जोखमीचा आहे, कुत्र्यालाही आणि तुम्हालाही. डुकरांसाठी सौर कुंपण हाच उपाय. खालची तार जमिनीपासून २० सेंटिमीटरवर आणि दुसरी ४५वर असली पाहिजे. तारेला टेकणारं गवत पावसात दर आठवड्याला कापावं लागतं, नाहीतर विजेचा झटका जमिनीत जिरतो आणि डुकरं खुशाल आत येतात. कुंपणाला कृषी खात्याचं अनुदान मिळतं, वाळपईच्या विभागीय कार्यालयात विचारा.

माकडांचं गणित वेगळं. ती पोफळीच्या शेंड्याशेंड्यांवरून चालतात आणि कुत्रं खालून भुंकतं. घराच्या आसपास तीस-चाळीस मीटरांत, जिथे ती जमिनीवर उतरतात, तिथे कुत्र्याचा उपयोग होतो. त्यापुढे नाही. टोळीतल्या मोठ्या नराने उलटून चावा घेतला तर टाके पडतात, हेही धरून चाला.

म्हणजे कुत्र्याकडून मागायचं ते एवढंच: अंगण आणि परसावर दिवसा नजर, आणि रात्री वेळेवर भुंकणं. एवढ्यासाठी कुठली जात, आणि तिच्याबरोबर कुठली कटकट घरात येते, हा तुमचा खरा प्रश्न.

मुधोळ, म्हणजे आपल्याकडे ज्याला कारवानी म्हणतात ते, बागलकोट जिल्ह्यातलं. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली. उघडं, कोरडं, सपाट रान आणि लांबवर दिसणारा ससा, या कामासाठी हे शरीर घडलेलं आहे. नराची उंची खांद्यापाशी ७० सेंटिमीटरच्या आसपास, वजन पंचवीस-अठ्ठावीस किलो. छाती खोल, पोट आत गेलेलं, अंगावर चरबी जवळजवळ नाही. ते नाकापेक्षा डोळ्यांनी काम करतं. हललेली वस्तू दिसली की पाय आधी सुटतात आणि तुमची हाक नंतर ऐकू येते. आज्ञा मोडण्याचा हट्ट म्हणून ते असं करत नाही, त्याची घडणच तशी आहे. हे पटल्याशिवाय मुधोळ घेऊ नये.

तुमच्या कुळागरात या वेगाला वाव नाही. दर दोन-अडीच मीटरला पोफळ, मधून पाट, पाटाच्या कडेला चिऱ्यांचे बांध, पावसात वर शेवाळ. तिथे ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास पळणाऱ्या, काटकुळ्या पायांच्या कुत्र्याने माकडामागे झेप घेतली की पुढच्या पायाचं हाड जातं, नाहीतर नखं उपटतात. म्हणून मुधोळ कुळागरात मोकळं सोडायचं नाही. घराभोवतीचं बंदिस्त आवार हेच त्याचं कामाचं ठिकाण. पळायला भातकापणीनंतरची मोकळी शेतं चालतात, तीही पंधरा मीटरच्या दोरीवर. दोरी गळपट्ट्याला न लावता छातीपट्ट्याला लावा, कारण वेगात दोरीचा हिसका मानेला बसला की मणक्याला इजा होते. रोज वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी. बाकीचा दिवस मुधोळ झोपून काढतं, लोकांना वाटतं तेवढं ते नाचरं नसतं.

परक्याशी ते फटकून वागतं. जवळ येत नाही, अंतर ठेवून भुंकतं. चावण्यापेक्षा मागे सरकणं त्याला पसंत असतं, आणि तुमच्या घरासाठी हे चांगलं आहे.

राजापाळयम तमिळनाडूच्या विरुधुनगर जिल्ह्यातलं. दुधासारखं पांढरं, गुलाबी नाक, सोनेरी डोळे, पासष्ट ते पंचाहत्तर सेंटिमीटर उंच, आणि मुधोळपेक्षा हाडापेराने दणकट. तुम्ही ऐकलंय ते खोटं नाही, राखणीची वृत्ती याच्यात जास्त. पण ती कशी असते ते नीट समजून घ्या. हे कुत्रं घरातल्या एका माणसाला आपलं मानतं, बाकीच्यांना चालवून घेतं, आणि परक्याच्या बाबतीत पटकन निर्णय घेतं. त्याचं ते ‘आपलं’ माणूस सकाळी सातला पणजीची बस पकडणार असेल, तर दिवसभर त्याला आवरणार कोण? तुमची आई?

तुमच्या घरी रोज कोण येतं याची यादी करा. पहाटे भोंगा वाजवत पोदेर (पाववाला), मग दूध न्यायला कोणी, महिन्या-दीड महिन्याने नारळ काढायला पाडेली, पोफळीच्या हंगामात गडी. चवथीला तर घर भरलेलं असतं, रात्री वाड्यावरची मंडळी घुमट (मातीचं चर्मवाद्य) घेऊन आरतीला घरोघर येतात, वर फटाके. शिगम्यात रोमटाचा मेळ ढोल-ताशांसह थेट अंगणात उतरतो. या सगळ्यांना आत येऊ द्यायचं, पण केबल कापणाऱ्याला नाही, हा भेद राजापाळयमला शिकवता येतो. त्यासाठी पिल्लू तीन ते चौदा आठवड्यांचं असताना रोज वेगवेगळी माणसं, आवाज, काठ्या, शिड्या दाखवाव्या लागतात, आणि पुढे दोन वर्षं एकाच माणसाने सातत्य ठेवावं लागतं. घरी राहणाऱ्या व्यक्तीची तयारी असेल तर जमतं. तुमच्या प्रश्नात पत्नीला कुत्र्याची हौस आहे की नाही हे आलेलं नाही, आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो.

आता राजापाळयमच्या पांढऱ्या रंगाबद्दल, कारण विकणारा हे सांगत नाही. कानाच्या आतल्या भागात रंगपेशी असाव्या लागतात. तिथला रक्तपुरवठा आणि क्षारांचा समतोल त्या राखतात. पूर्ण पांढऱ्या, गुलाबी नाकाच्या कुत्र्यांत या पेशी कधी कधी कानापर्यंत पोचतच नाहीत. मग जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत ऐकण्याच्या पेशी मरतात आणि पिल्लू एका किंवा दोन्ही कानांनी कायमचं बहिरं होतं. राजापाळयममध्ये हा दोष सर्रास आढळतो. बहिरं कुत्रं वाईट नसतं, पण राखणीला निरुपयोगी असतं, आणि झोपेत मुलीने हात लावला तर दचकून चावू शकतं.

तपासायची रीत अशी. पिल्लू किमान सहा आठवड्यांचं हवं. त्याला भावंडांपासून वेगळं करा, कारण घोळक्यात बहिरं पिल्लू इतरांचं बघून वळतं. त्याची पाठ तुमच्याकडे असताना दोन मीटरवरून किल्ल्यांचा जुडगा हलवा, मग हलकी शिट्टी, मग कागदाचा चुरगळा. टाळी वाजवू नका, पाय आपटू नका. हवेचा झोत आणि जमिनीचा हादरा बहिऱ्या पिल्लालाही कळतो. प्रत्येक आवाजाला कान हलले पाहिजेत. एका कानाने बहिरं असेल तर ते आवाज ऐकतं, पण चुकीच्या बाजूला वळून शोधत राहतं. घरच्या चाचणीत हे हमखास पकडता येत नाही, त्याला मेंदूच्या लहरी मोजणारी बीएईआर चाचणी लागते. आई-बाप दोघांचीही अशीच परीक्षा घ्या. बहिऱ्या मादीची पिल्लं कितीही देखणी असली तरी नको.

त्याच रंगाचा दुसरा तोटा कातडीला. गुलाबी त्वचा उन्हात भाजते आणि आपल्या पावसात सडते. सत्तरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कुत्र्याची बोटांची बेचकं, काख आणि पोट कोरडं राहतच नाही. आधी लाली, मग वास, मग केस गळून गोल चट्टे. हे बुरशी आहे, जिवाणू आहेत की केसांच्या मुळातली खरूज, हे कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कळत नाही. गुरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती अजिबात करू नका. काही कुत्र्यांत ते मेंदूवर जातं. मुधोळलाही पावसात त्वचेचा त्रास होतो, पण रंगीत कातडी आणि आखूड केसांमुळे निभावून जातो. त्याची अडचण कोपरांची. अंगावर मांस नसल्यामुळे लादीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात, त्यांत पाणी भरतं. जमिनीपासून अर्धा फूट उंच लाकडी फळी आणि वर दोन इंचांची गादी, एवढं केलं की प्रश्न मिटतो. गोणपाट नको, ते पावसात वाळत नाही.

गोचिडीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तुमच्या गावात हा प्रश्न फक्त कुत्र्याचा नाही. सत्तरीत २०१५पासून माकडताप आहे आणि तो रानातल्या गोचिडीमार्फत माणसाला होतो. रानात भटकणारं कुत्रं ती गोचीड थेट तुमच्या ओसरीवर आणून सोडतं, जिथे मुलगी खेळते. कुत्र्याला कुळागराच्या वरच्या अंगाला, रानाच्या कडेला जाऊ न देण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. दुसरी गोचीड घरातली, तपकिरी. ती कुत्र्याला एर्लिशिया आणि बबेसिया हे ताप देते. फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीवर चढते आणि फटीत हजारो अंडी घालते. चिऱ्याच्या उघड्या भिंतीला छिद्रंच छिद्रं असतात. बॅटरी घेऊन रात्री पडवीची भिंत कमरेच्या उंचीपर्यंत बघा, वर चढणाऱ्या गोचिडी दिसतील. कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेभोवतीची भिंत गिलावा करून गुळगुळीत करा, फवारणीपेक्षा याचा उपयोग टिकाऊ आहे. कुत्र्याला अफॉक्सोलेनरची गोळी दर महिन्याला किंवा फ्लुरालेनरची दर तीन महिन्यांनी, वजनाप्रमाणे, बाराही महिने. कुत्रं एक दिवस जेवलं नाही, अंग तापलं, हिरड्या फिक्या पडल्या किंवा पोटावर लाल ठिपके दिसले, तर त्याच दिवशी रक्त तपासा. वेळेवर कळलं तर एर्लिशिया साधारण चार आठवड्यांच्या डॉक्सिसायक्लिनने बरा होतो. लोक पाचव्या दिवशी गोळ्या थांबवतात आणि दोन महिन्यांनी तेच दुखणं वर येतं.

भातशेतीत आणि पाटात उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो असतो, त्याची लस दरवर्षी मेच्या अखेरीपर्यंत द्या. रेबीजची दरवर्षी आहेच.

कोंबड्यांचं काय? दोन्ही जाती कोंबड्या मारतात. पिल्लाला कोंबड्यांबरोबर वाढवलं की सवय होते म्हणतात. होते, पण कोंबडी फडफडून पळेपर्यंतच. कोंबड्यांना जाळीचं बंद आवार करा आणि विषय संपवा. गायींशी दोघांचंही जमतं.

तर या दोघांतच निवडायचं असेल, तर तुमच्या घराला मुधोळची मादी. दिवसा घरी मूल आणि म्हातारं माणूस, परक्यांची येजा भरपूर, मुख्य माणूस बाहेर, हवा दमट. या चारही गोष्टी राजापाळयमच्या विरुद्ध जातात. मादी यासाठी की ती नरापेक्षा तीन-चार किलोंनी हलकी, आई आणि पत्नीला दोरीवर आवरेल अशी, आणि भटकायला कमी. पत्नीला स्वतःला कुत्र्याची हौस असेल, पिल्लाची ऐकण्याची खात्री झाली असेल, तर राजापाळयमचा विचार जरूर करा, पण पाडेली आला की कुत्रं बंद खोलीत हा नियम पहिल्या दिवसापासून.

आणि घराभोवती जाळीचं कुंपण होणार नसेल, तर दोन्ही नको. गावातल्याच चांगल्या कुत्रीचं गावठी पिल्लू घ्या. ते कुळागरात वाट चुकत नाही, डुकराच्या वाटेला सहसा जात नाही, पावसात टिकतं आणि चोरावर या दोघांइतकंच भुंकतं. जातिवंत कुत्र्याचा आग्रह धरणाऱ्यांना हे आवडत नाही, पण सत्तरीतल्या उघड्या जागेला तेच योग्य आहे.

कुंपण सगळ्या कुळागराला नको. घर, गोठा आणि परस धरून २५ बाय २५ मीटरचा चौकोन पुरे. त्याची लांबी १०० मीटर, दर अडीच मीटरला एक म्हणजे चाळीस खांब. जाळी सहा फूट उंच आणि वर एक फूट आत झुकलेली. मुधोळ पाच फूट उभ्याउभ्या ओलांडतं. उतारावर चूक होते ती खालच्या बाजूला. बाहेरून सहा फूट दिसणारी जाळी आत उंचावर उभ्या कुत्र्याला चारच फूट असते, म्हणून मोजमाप आतल्या जमिनीपासून घ्या. जाळीजवळचा जुना गडगा म्हणजे कुत्र्याला पायरी, एकतर तो पाडा किंवा जाळी मीटरभर लांब ओढा. फाटकाखालची फट चार बोटांहून जास्त नको.

रात्री मात्र कुत्रं त्या कुंपणातही नको. बिबट्याला सहा फुटांची जाळी काही नाही आणि बांधलेलं कुत्रं तर आयतं सावज. अंधार पडला की आत, दाराला जाळी असलेल्या खोलीत किंवा बंद पडवीत. आतून भुंकलं तरी तुम्हाला जाग येते, तेवढंच हवंय.

पिल्लू कुठून घ्यायचं? मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, तिथे आधी नाव नोंदवा. बेळगाव-चोर्ल्यावरून तुम्हाला तो प्रवास एका दिवसाचा आहे. खासगी माणसाकडून घ्यायचं तर त्याची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का ते विचारा. २०१७च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, आणि ‘पाच आठवड्यांचं घ्या, लळा लवकर लागतो’ म्हणणाऱ्याकडून तर काहीच घेऊ नका. २०२०मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशी जातींची नावं घेतली, तेव्हापासून मागणी वाढली. ग्रेहाउंडच्या संकराची पिल्लंही मुधोळ म्हणून पुढे केली जातात. दोन महिन्यांच्या पिल्लात फरक ओळखणं कठीण, म्हणून आई-बाप प्रत्यक्ष बघा. आईही दाखवायला तयार नसेल तर परत फिरा. आई माणसांना बघून कोपऱ्यात थरथरत असेल तर पिल्लंही तशीच निघण्याची शक्यता मोठी. फटकून राहणं वेगळं, भेदरणं वेगळं.

पिल्लू दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरात आणा. चवथ आणि दिवाळीचे फटाके संपलेले असतात, शेतं कोरडी असतात, आणि पहिला पाऊस येईपर्यंत ते आठ-नऊ महिन्यांचं होतं. पहिलं वर्ष पिल्लांसाठीचं तयार खाद्य द्या, वाढीच्या वयात कॅल्शियमचा अंदाज घरी चुकतो. पुढे पंचवीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला २०० ग्रॅम तांदूळ किंवा नाचणी कोरडी मोजून शिजवलेली, २५० ते ३०० ग्रॅम बिनहाडाचं चिकन किंवा काटे काढलेले बांगडे, एक अंडं, मूठभर दुधी किंवा भोपळा, आणि अंड्याच्या कवचाची पूड पाऊण चमचा. हे दोन वेळांत विभागून. हुमणातलं (माशांच्या आमटीतलं) उरलेलं नको, त्यात मीठ, कांदा आणि काटे तिन्ही असतात. मुधोळच्या शेवटच्या दोन बरगड्या नुसत्या डोळ्यांना दिसल्या पाहिजेत. शेजारी ‘कुत्रं उपाशी दिसतं’ म्हणतील, म्हणू द्या.

मादीचं नसबंदीचं ऑपरेशन कराल तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगा की हे मुधोळ आहे. या बांध्याच्या कुत्र्यांना थायोपेंटोनसारखी भूल चरबीअभावी लवकर उतरत नाही. प्रोपोफॉल किंवा गॅसची सोय असलेला दवाखाना निवडा, ऑपरेशनच्या सकाळी वजन काट्यावर करून घ्या, आणि शुद्धीवर येईपर्यंत अंगावर पांघरूण ठेवायला सांगा, कारण ही कुत्री टेबलावर पटकन गार पडतात.